बेचाळीस विरुद्ध एकोणचाळीस : न सांगितलेल्या आकड्यांचं एक प्रकरण

निवडणुकीच्या रात्री साडेनऊला सभासदांना आलेला मेल चार ओळींचा होता. निवडणूक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली, पुढील उमेदवार निवडून आले, विजयी उमेदवारांचं अभिनंदन, सर्वांचे आभार. खाली सात नावं. आकडा एकही नाही. कोणाला किती मतं पडली हे राहू द्या, एकूण किती जणांनी मतदान केलं तेही नाही.

मंडळ हौशी आकाशनिरीक्षकांचं. सभासद ११८, शाखा तीन: एक मोठी, एक मध्यम आणि एक अगदीच चिमुकली. प्रकरण अभ्यासासाठी बेतलेलं आहे, त्यामुळे हे मंडळ कुठलं याचा शोध घेऊ नका. पण संघटनेच्या कामात ज्यांनी थोडीफार वर्षं घातली आहेत त्यांना यातला कुठलाच प्रसंग परका वाटू नये. पुढे येणारे कायदे, नियम आणि बाहेरची उदाहरणं मात्र खरी आहेत.

मोजणीचं टेबल

कार्यकारिणी सात जणांची: अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि चार सदस्य. सचिव आणि कोषाध्यक्ष बिनविरोध आले. मतदान झालं ते अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांसाठी आणि चार सदस्यपदांवर उभ्या असलेल्या सहा जणांसाठी. सदस्यांच्या मतपत्रिकेवर प्रत्येकाला जास्तीत जास्त चार खुणा करता येत होत्या.

तिन्ही शाखांच्या पेट्या मोठ्या शाखेच्या खोलीत आल्या. मोजायला निवडणूक अधिकारी आणि मदतीला दोन सभासद. पेट्या वेगवेगळ्या आल्या म्हणून मोजणीही वेगवेगळी झाली. तसं कोणी ठरवलं नव्हतं, आणि मतपत्रिका आधी एकत्र मिसळाव्यात हेही कोणाला सुचलं नाही. निवडणूक अधिकाऱ्यांनी वहीच्या पानावर पेननं रेघा ओढून तक्ता केला. अध्यक्षपदाचं पान असं होतं: मोठी शाखा, मतपत्रिका ४९, पैकी दोन बाद, उरलेल्या ४७ मध्ये १९ विरुद्ध २८. मध्यम शाखा, २८ मतपत्रिका, १७ विरुद्ध ११. चिमुकली शाखा, सहा मतपत्रिका, सहा विरुद्ध शून्य. बेरीज ४२ विरुद्ध ३९.

म्हणजे ज्या बाई अध्यक्ष झाल्या त्या मोठ्या शाखेत चांगल्या नऊ मतांनी मागे होत्या. त्यांना बाहेरच्या दोन शाखांनी तारलं.

बाद झालेल्या दोन मतपत्रिकांपैकी एकीवर दोन्ही नावांपुढे खूण होती. दुसरीवर खूण कुठेच नव्हती, खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘आधी जुनी दुर्बीण दुरुस्त करा.’ मोजणाऱ्या तिघांनाही ते अक्षर ओळखू आलं. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

आणखी एक बारीक नोंद. मतदारांच्या नोंदवहीत सह्या ८४ होत्या आणि पेट्यांतून निघालेल्या मतपत्रिका ८३. कोणीतरी मतपत्रिका घेतली आणि पेटीत टाकलीच नाही. असं होतं. फोन येतो, कोणी हाक मारतं, कागद खिशातच राहतो. तीन मतांच्या फरकापुढे एका कागदानं निकाल बदलत नव्हता. एका मदतनीसानं पानाच्या कोपऱ्यात ‘१ कमी’ असं लिहून त्याभोवती गोल केला.

मग सदस्यपदांची मोजणी. ६८, ६१, ५७, ५२, ४९ आणि ११. अकरा मतं मंडळाच्या संस्थापकांची होती. सत्तरी ओलांडलेले, निम्म्या मंडळाला ज्यांनी ध्रुवतारा शोधायला शिकवलं ते गृहस्थ. गेली काही वर्षं ते फारसे येत नसत, नव्या सभासदांना त्यांचं नावही धड माहीत नव्हतं, एवढंच खरं कारण. पण अकरा तो अकरा.

“हे जाहीर करायचं?” मदतनीसानं विचारलं. “सरांना काय वाटेल?”

निवडणूक अधिकाऱ्यांनी सचिवांना फोन लावला. सचिव म्हणाले, “आपल्या घटनेत आकडे द्या असं कुठं लिहिलंय? निकाल जाहीर करा, इतकंच आहे. नावं द्या आणि विषय संपवा. आणि हो, तीन मतांचा फरक आहे म्हणता ना? मग तर नकोच. उगाच दोन तट पडतील.”

इथे दोन कारणं एकाच फोनवर एकत्र आली. एक कनवाळूपणाचं आणि दुसरं सोयीचं. अशा निर्णयांत बहुतेक वेळा हीच जोडी असते, आणि नंतर विचारलं की सगळे जण पहिलंच कारण सांगतात. सचिवांचा हेतू वाईट होता असं मला म्हणायचं नाही. पण ज्यांच्या मतांची ही बेरीज होती त्या ८३ जणांचा विचार त्या फोनवर कोणीच केला नाही.

वही निवडणूक अधिकाऱ्यांच्या घरी गेली. मतपत्रिका दुसऱ्या दिवशी रद्दीत.

आठवडाभरात

आकडे न सांगितल्यानं लोक आकड्यांबद्दल बोलायचे थांबतात, असा एक भाबडा समज असतो. ग्रुपवर पहिल्या दोन दिवसांत तीन पाठ तयार झाले. एक, बाई प्रचंड मतांनी आल्या. दोन, बाई एका मतानं आल्या आणि ते मतही संशयास्पद आहे. तीन, सह्या आणि मतपत्रिका जुळत नाहीत. यातला तिसरा पाठ खरा होता, आणि म्हणूनच सगळ्यात त्रासदायक ठरला. पहिल्याच मेलमध्ये ‘सह्या ८४, मतपत्रिका ८३, फरक १, निकालावर परिणाम नाही’ अशी ओळ असती तर ती कोणी दोनदा वाचलीही नसती. तीच गोष्ट चार दिवसांनी कानोकानी आली तेव्हा तिला घोटाळ्याचा वास लागला.

अध्यक्षपदाच्या पराभूत उमेदवारांनी सचिवांकडे लेखी विचारणा केली. त्यांना निकालाला आव्हान द्यायचं नव्हतं. आपल्याला किती मतं पडली आणि समोरच्यांना किती, एवढंच हवं होतं. उत्तर आलं की तसा प्रघात नाही. नंतर दोघं समोरासमोर भेटले तेव्हा सचिव समजावणीच्या सुरात म्हणाले, “अहो, कशाला? तुम्हालाच वाईट वाटेल.” एकोणचाळीस मतं मिळालेल्या माणसाला त्या वाक्यावरून वाटलं की आपल्याला दहा-पंधराच पडली असणार.

आणि मग जे व्हायचं ते झालं. वहीच्या त्या पानाचा फोटो एका मदतनीसाच्या मोबाइलमध्ये होता. त्यानं तो एका मित्राला ‘फक्त तुझ्यापुरता’ पाठवला. रविवारपर्यंत तो अर्ध्या मंडळाकडे होता.

फोटो अध्यक्षपदाच्या पानाचा, शाखानिहाय. चिमुकल्या शाखेपुढे सहा आणि शून्य. आता त्या शाखेत मतदान करणारे सहा जण कोण होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिथे येणारेच तेवढे. सहाच्या सहा मतं एकीकडे गेली याचा अर्थ प्रत्येकानं कोणाला मत दिलं ते उघड झालं. त्यातल्या दोघांनी पराभूत उमेदवारांना ‘आम्ही तुमच्याच बाजूनं’ असं तोंडावर सांगितलं होतं. गुप्त मतदान असतं ते नेमकं अशा माणसांसाठी, ज्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही.

या प्रकरणातली खरी हानी मला इथे दिसते. मंडळानं जे जाहीर करायला हवं होतं, म्हणजे एकूण बेरीज, ते दडवलं. जे कधीही बाहेर यायला नको होतं, म्हणजे सहा-शून्य, ते बाहेर आलं. आणि ते आलं ते अधिकृत सही-शिक्क्याविना, जाब विचारायला कोणी समोर नाही अशा वाटेनं.

दडवलेले आकडे दडतात का

या बाबतीत दोन मोठी उदाहरणं हाताशी आहेत. कॅथलिक चर्चचे कार्डिनल नवा पोप निवडतात तेव्हा मतपत्रिका जाळतात. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी घालून दिलेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक फेरीच्या निकालाची नोंद लखोट्यात सीलबंद करून ठेवली जाते, आणि पोपच्या स्पष्ट परवानगीशिवाय ती कोणी उघडू शकत नाही. आत बसणारे सगळे गुप्ततेची शपथ घेतात. इतकं असूनही २००५ च्या निवडीनंतर काही महिन्यांतच एका निनावी कार्डिनलच्या टिपणातले म्हणून फेरीवार आकडे एका इटालियन नियतकालिकात छापून आले. ते बरोबर की चूक हे अधिकृतपणे कोणी सांगितलं नाही, आणि तरी आज त्या निवडीबद्दल लिहिणारे बहुतेक जण तेच आकडे वापरतात.

दुसरं उदाहरण संयुक्त राष्ट्रांचं. २०१६ साली महासचिवपदासाठी सुरक्षा परिषदेच्या पंधरा सदस्यांनी चाचणी मतदान केलं. जुलैमधल्या पहिल्या फेरीनंतर आमसभेच्या अध्यक्षांना अधिकृतपणे कळवलं गेलं ते इतकंच, की फेरी झाली. आकडे मात्र त्याच दिवशी बातम्यांत होते: अंतोनिओ गुटेरेस यांना बारा अनुकूल, तीन तटस्थ, विरोधी एकही नाही. एवढीच माहिती द्यायची असेल तर पारदर्शकतेच्या अपेक्षा पुऱ्या होत नाहीत, अशी नाराजी आमसभेच्या अध्यक्षांनी सदस्य देशांना कळवली.

शपथ घेतलेले कार्डिनल आणि पंधरा राजदूत यांना जे जमलं नाही ते वहीचं पान घरी नेणाऱ्या निवडणूक अधिकाऱ्यांना जमेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. छोट्या संस्थेत मोजणारे, उमेदवार आणि मतदार रोज एकमेकांना भेटतात. आकडे लपवण्याचा ठराव केला तरी त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की ते आधी काही जणांना कळतात आणि बाकीच्यांना उशिरा, मोडतोड होऊन. मंडळात माहिती असलेले आणि नसलेले अशी वाटणी तिथूनच सुरू होते.

आकडे देऊ नयेत, म्हणणाऱ्यांची बाजू

ती बाजू पोकळ नाही. तीन मुद्दे नेहमी येतात, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

फूट पडेल हा मुद्दा मला सगळ्यात हलका वाटतो. ४२-३९ अशी विभागणी आकड्यांमुळे होत नाही. ती आधीच झालेली असते. मंडळात वाद होता तो मोठी नवी दुर्बीण घ्यायची की शाळांमधल्या कार्यक्रमांवर खर्च करायचा यावर, आणि मोठी शाखा दुर्बिणीच्या विरोधात होती. नव्या अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत राखीव निधीतला मोठा हिस्सा दुर्बिणीसाठी मागितला. म्हणाल्या, “सभासदांनी कौल दिलेला आहे.” आकडे खोलीत कोणी उच्चारले नव्हते, त्यामुळे हे वाक्य खपून गेलं. फोटो फुटल्यावर पुढच्या बैठकीत उलटं टोक: “तीन मतांचा कसला कौल?” दोन्ही बाजूंनी ताणलं. बेचाळीस मतं पदावर बसायला पुरेशी आहेत, त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये. पण राखीव निधीला हात घालण्याआधी उरलेल्या एकोणचाळीस जणांशी बोलायला हवं, हे अध्यक्षांना त्याच आकड्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. त्या स्वतःही नंतर म्हणाल्या की आपल्याला नेमका फरक फोटोतूनच समजला. सचिवांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

कमी मतं पडलेल्यांचा अपमान, हा दुसरा मुद्दा. हा खरा आहे. अकरा मतं हा आकडा वाचून दाखवणं कोणालाच आवडणार नाही, आणि पुढच्या वेळी उभं राहावं की नाही असा विचार माणूस करतो. छोट्या संस्थेत उमेदवार मिळत नाहीत ही कायमची रड, त्यात हे. पण सभाशास्त्रातल्या जुन्या मंडळींनी या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावलेला आहे. हेन्री रॉबर्ट या अमेरिकी लष्करी अभियंत्यानं १८७६ साली सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्याच्या पुढच्या आवृत्त्या आजही असंख्य संस्था प्रमाण मानतात. मोजणाऱ्यांचा अहवाल आकड्यांसह सभेत वाचावा, इतिवृत्तात जसाच्या तसा नोंदवावा, आणि हरलेल्यांना वाईट वाटेल म्हणून तो गाळण्याची चूक करू नये, असं त्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे. कडक वाटतं. पण त्यामागचा विचार व्यवहारी आहे: संस्थापकांना मत देणारे बारा जण एकत्र बसले आणि समोर आकडा अकरा दिसला, तर चूक पकडायला तेवढं पुरतं. आकडाच नसेल तर मोजणीवर नजर ठेवायचं मतदाराच्या हातातलं एकमेव साधन जातं.

तिसरा मुद्दा गुप्ततेचा. हा सगळ्यात जड, आणि गंमत म्हणजे तो मांडला जातो सगळ्यात कमी.

किती बारीक चिरायचं

अमेरिकेत कामगार संघटनांच्या निवडणुकांसाठी १९५९ चा कायदा आहे. प्रत्येक स्थानिक शाखेची मतं वेगळी मोजावीत आणि वेगळी प्रसिद्ध करावीत, असं त्यात बंधन आहे. मतपत्रिका आणि निवडणुकीची कागदपत्रं वर्षभर जपून ठेवायची, हेही. ब्रिटनच्या १९९२ च्या कामगार संघटना कायद्यात स्वतंत्र तपासनीसाच्या अहवालात काय हवं हे लिहिलेलं आहे: किती मतपत्रिका वाटल्या, किती परत आल्या, प्रत्येक उमेदवाराला किती वैध मतं, किती बाद. अहवाल हाती आल्यापासून तीन महिन्यांत तो सभासदांपर्यंत पोहोचवायचा असतो.

दुसरा नमुना छोट्या मंडळानं जसाच्या तसा उचलावा. पहिल्यातला शाखानिहाय भाग मात्र उचलू नये. शेकडो कामगारांच्या शाखेत वेगळा आकडा म्हणजे गैरप्रकारावर पहारा असतो. सहा जणांच्या शाखेत तो उघड मतदान होतो. भारतात हाच प्रश्न खूप मोठ्या प्रमाणावर आलेला आहे. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा १९६१ च्या निवडणूक नियमांत वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी मिसळण्याची सोय होती. मतदान यंत्रांमुळे केंद्रनिहाय कल उघड होऊ लागले, आणि २००८ साली निवडणूक आयोगानं अनेक यंत्रांची बेरीज एकदमच दाखवणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव मांडला. एका केंद्रावर काही शे मतदार असतानाही ही काळजी वाटते, तर सहा जणांचं काय बोलावं.

इथे एक सापळा आहे, आणि मंडळाच्या पुढच्या सभेत एक जण त्यात अडकलाच. त्याची सूचना अशी: मोठ्या दोन शाखांचे आकडे द्या, चिमुकलीचे झाका, आणि एकूण बेरीज द्या. पण ४२ मधून १९ आणि १७ वजा केले की सहा उरतात, ३९ मधून २८ आणि ११ गेले की शून्य. झाकलेलं काहीच राहिलं नाही. शाखानिहाय द्यायचंच असेल तर छोटी शाखा शेजारच्या शाखेत मिळवून द्यावी लागेल: २३ विरुद्ध ११. माझं मत विचाराल तर तीही उठाठेव नको. मतपत्रिका मोजणीआधी एका पेटीत ओतल्या, की शाखेचा आकडा अस्तित्वातच येत नाही, आणि जे नाही ते फुटतही नाही.

त्याच सभेत दुसऱ्या टोकाची मागणीही आली, यापुढे सगळ्या मतपत्रिका स्कॅन करून सभासदांसाठी प्रसिद्ध करा. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात नेत्याची निवडणूक दर वर्षी होते, आणि निकालानंतर प्रत्येक मत नावाशिवाय, एका सांकेतिक ओळीसमोर प्रसिद्ध होतं. मतदार आपली ओळ शोधून आपलं मत बरोबर मोजलं गेलं का ते पडताळू शकतो. पडताळणीच्या दृष्टीनं ही पद्धत फारच भक्कम आहे. पण त्यामागे शेकडो मतदार आणि ती यंत्रणा चालवणारे तज्ज्ञ आहेत. आपल्या मंडळात स्कॅन टाकले असते तर ‘आधी जुनी दुर्बीण दुरुस्त करा’ लिहिणाऱ्याचं अक्षर ८३ जणांनी ओळखलं असतं. सदस्यांच्या मतपत्रिकेतही सहापैकी कोणते चार असा नमुना पाडता येतो. ‘अमुक चार नावांवर खूण कर, मी नंतर बघतो’ असं कोणी सांगितलं, तर ते तपासायला त्याला स्कॅन पुरतील.

रिकामी झालेली जागा

निवडणुकीनंतर पाचव्या महिन्यात एका सदस्याची बदली झाली आणि त्याची जागा रिकामी पडली. त्याला ५७ मतं होती, पण हे कोणाला माहीत नव्हतं, कारण फुटलेला फोटो अध्यक्षपदाच्या पानाचा होता. घटनेत तरतूद अशी, की कार्यकारिणी उरलेल्या मुदतीसाठी कोणाही सभासदाला घेऊ शकते. कार्यकारिणीनं एकमतानं संस्थापकांना घेतलं. सचिवांना अकरा हा आकडा ठाऊक होता. बाकीच्यांना सन्मानाची गोष्ट वाटली. संस्थापकांनाही वाटलं की आपण थोडक्यात हरलो असू, म्हणून बोलावणं आलं. ते आनंदानं आले.

ज्यांना ४९ मतं पडली होती, म्हणजे तीन मतांनी ज्यांची जागा गेली होती, त्या बाईंना आपण पाचव्या आलो हे माहीतच नव्हतं. आपल्याला कोणी विचारत नाही असा समज करून त्यांनी शाळांमधलं काम हळूहळू सोडलं.

वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणीतरी सरळ ठराव मांडला, की निवडणूक अधिकाऱ्यांनी सगळे आकडे वाचून दाखवावेत. विरोध करायला आता कोणाकडे तोंड नव्हतं. वही आली. ६८, ६१, ५७, ५२, ४९. मग अकरा, भरल्या सभेत, संस्थापक व्यासपीठावर कार्यकारिणीच्या रांगेत बसलेले असताना.

ते उठले आणि म्हणाले, “हे मला त्या रात्री फोन करून सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी ही जागा घेतली नसती.” आणि त्यांनी राजीनामा दिला. ज्यांना वाईट वाटू नये म्हणून सगळा खटाटोप केला त्यांना वाईट वाटलंच, पाच महिने उशिरा आणि शंभर डोळ्यांसमोर. त्यांना अकरा मतांचं तितकंसं दुःख नव्हतं, असं ते नंतर काही जणांशी बोलले. आपल्याबद्दल सगळ्यांना माहीत होतं आणि आपल्यालाच नव्हतं, हे त्यांना लागलं. खरं तर सगळ्यांना माहीत नव्हतं, चारच जणांना होतं. पण व्यासपीठावर बसलेल्या माणसाला तो हिशेब कसा कळणार?

मंडळानं काय केलं

त्याच सभेत घटनादुरुस्तीचा मसुदा करायला तिघांची समिती नेमली. पुढच्या सभेत जे मंजूर झालं ते एका परिच्छेदाचं आहे. सगळ्या शाखांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळायच्या. निकालाच्या पत्रकात एकूण सभासद, सह्या, पेटीतून निघालेल्या मतपत्रिका, बाद मतं आणि प्रत्येक उमेदवाराची मतं द्यायची, फरक असेल तर तोही. पत्रक जाण्याआधी निवडणूक अधिकाऱ्यांनी प्रत्येक उमेदवाराला स्वतः फोन करून त्याचा आकडा सांगायचा. हरकतीला पंधरा दिवस. मतपत्रिका सीलबंद करून वर्षभर ठेवायच्या, मग नष्ट करायच्या. मधेच जागा रिकामी झाली तर ज्यांना त्याखालोखाल मतं असतील त्यांना आधी विचारायचं. मोजणीच्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही.

यातलं फोनचं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि ते कुठल्याही कायद्यात मी पाहिलेलं नाही. अपमानाचा प्रश्न आकडा दडवून सुटत नाही. तो कोणाकडून, कधी आणि कुठे कळतो यावर बरंच अवलंबून असतं. उमेदवारी अर्जावरही आता एक ओळ आहे: माझ्या मतांचा आकडा जाहीर होईल हे मला मान्य आहे. सही करताना विचार करायला माणसाला वेळ मिळतो. दिल्या जाणाऱ्या आकड्यांबद्दलचा निर्णय मतदानाआधी झालेला असणं यातच निम्मं काम होतं, कारण तेव्हा तो कोणाच्या बाजूनं जाणार हे कोणालाच माहीत नसतं. मोजणीच्या रात्री फोनवर केलेला तोच निर्णय कितीही सद्हेतूनं केला तरी कोणाच्या तरी सोयीचा दिसणारच.

दोन गोष्टी सुटल्या नाहीत. बिनविरोध उमेदवारासाठी होय-नाही असं मतदान घ्यावं का, यावर समितीत एकमत झालं नाही, आणि तो विषय तसाच राहिला. सचिव तीन निवडणुका बिनविरोध आलेले आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल सभासदांचं काय मत आहे हे आजही आकड्यात सांगता येत नाही. आणि चिमुकल्या शाखेनं मतपत्रिका मिसळायला लेखी हरकत घेतली आहे. त्यांचं म्हणणं, आमच्या सहा मतांनी अध्यक्ष ठरला, ते आता कधी कोणाला दिसणारच नाही. त्या पत्रावर सह्या चारच आहेत. ज्या दोघांचं मत फोटोमुळे उघडं पडलं होतं त्यांनी सही केलेली नाही.